ठेवून घेतलेलं लेकरू

गृहभेटीला गेले की खुर्चीवर टेकायच्या आधी मी एक प्रश्न विचारते : हा झोपतो कुठे? बहुतेक घरांत या प्रश्नाने गडबड उडते. ‘अभ्यास कसा चाललाय’ याचं उत्तर पाठ असतं. ‘जेवतो का नीट’ याचंही असतं. झोपायच्या जागेचं उत्तर मात्र कुणी आधी ठरवून ठेवलेलं नसतं, म्हणून ते खरं मिळतं. कुणी आतली खाट दाखवतं, कुणी पडवीकडे बोट करतं. त्या पोराचं अंथरूण घरातल्या बाकीच्या पोरांच्या अंथरुणांबरोबर एकाच वळकटीत असेल, तर माझी निम्मी काळजी तिथेच मिटते. ते वेगळं, दारामागे, खताच्या पोत्यांवर टाकलेलं असेल, तर मी चहाला नको म्हणते आणि पोराशी एकटीने बोलायला मागते.

धाराशिव-लातूरकडच्या एका संस्थेत मी सामाजिक कार्यकर्ती आहे. ज्यांना आई-बाप नाहीत, किंवा आहेत पण सांभाळू शकत नाहीत, अशी दुसऱ्यांच्या घरात वाढणारी लेकरं पाहायला जाणं, त्यांचं काय चाललंय ते लिहून काढणं, हे माझं काम. पुढे जी मुलं येतील त्यांची नावं-गावं मी सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलणार आहे. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमात अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. ती मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम वर्तमानपत्रवाल्यांपुरतं आहे असा सगळ्यांचा समज असतो. एका घरमालकाने ‘अनाथ बालकास मायेचा आधार’ असं लिहून पोराचा वाढदिवसाचा फोटो स्टेटसला लावला होता. त्या पोराला शाळेत सोमवारपासून ‘अनाथ’ हीच हाक सुरू झाली. मालकांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण तो फोटो त्यांनी स्वतःसाठी लावला होता.

आपल्याकडे दुसऱ्याचं पोर सांभाळणं नवं नाही. भाऊ गेला, त्याची पोरं चुलत्याने वाढवली. बहीण बाळंतपणात गेली, लेकरू आजोळी राहिलं. बीड-धाराशिवकडे साखर कारखाने सुरू झाले की कोयता घेऊन निघालेली जोडपी सहा-सहा महिने पोरं आजीकडे टाकून जातात. गावात याला ‘ठेवून घेतलं’ म्हणतात. त्यात माया असते, नातं असतं, लोकलाजही असते. नसते ती एकच गोष्ट : पोराला काही मागायची सोय. ठेवून घेणाऱ्याने उपकार केलेले असतात आणि उपकारावर राहणाऱ्याने भाजीला मीठ कमी आहे असं म्हणायचं नसतं.

कायद्याने बदल केला तो नेमका इथे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यातलं ४४वं कलम प्रतिपालकत्वाचं आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल जन्मदात्या किंवा दत्तक आई-बापांखेरीज दुसऱ्या कुटुंबात, थोड्या किंवा लांबच्या मुदतीसाठी, बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठेवता येतं. ही समिती जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. महिन्यातून निदान वीस दिवस तिने बसावं, असं कायदा सांगतो. आदेशाआधी घराची चौकशी होते, मुलाचा अहवाल तयार होतो, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाकडून लेखी हमी घेतली जाते. त्या हमीपत्रावर सही झाली की उपकाराचा विषय संपतो. ‘कुटुंबाने मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी घ्यायची’ हे सहाव्या पोटकलमात आहे, आणि आठव्यात समितीने दर महिन्याला पाहणी करायची, कुटुंब कमी पडत असेल तर मूल तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात हलवायचं, असं आहे. दर महिन्याची पाहणी प्रत्यक्षात कितपत होते, हे ज्याला त्याला माहीत आहे. पण ती व्हायला हवी असं म्हणायचा हक्क मुलाला आहे.

दत्तक आणि प्रतिपालक यांत लोकांचा रोज घोळ होतो. दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं, आडनावासकट आणि वारशासकट. प्रतिपालकत्वात असलं काहीही होत नाही. मुलाचं नाव तेच राहतं, दाखल्यावर बापाचं नाव तेच, जात-धर्म तोच. तुमच्या घरावर-जमिनीवर त्याचा वारसा लागत नाही, आणि त्याच्या आई-बापांच्या इस्टेटीवरचा त्याचा हक्क तुमच्याकडे आल्याने बुडत नाही. जे मूल दत्तक जाऊ शकतं, ते लांब मुदतीच्या प्रतिपालकत्वात द्यायचं नाही, असंही याच कलमात आहे. म्हणून तान्ह्या बाळाची आस धरून जे माझ्याकडे येतात त्यांना मी सरळ दत्तकाच्या रांगेत पाठवते. प्रतिपालक घराची गरज असते ती मुख्यतः सहा वर्षांच्या पुढच्यांना : बालगृहात आहेत पण भेटायला कुणी येत नाही अशांना, ज्यांचे पालक सांभाळायला लायक नाहीत असं समितीने ठरवलंय अशांना, दिव्यांग असल्यामुळे ज्यांना कुणी दत्तक घेतलं नाही अशांना.

बालगृह वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. चांगली बालगृहं मी पाहिली आहेत. पण मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे याच कायद्याच्या तिसऱ्या कलमातलं तत्त्व आहे, आणि त्याला जगभरच्या अनुभवाचा आधार आहे. रुमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थेतली १३६ तान्ही मुलं घेऊन त्यांतली निम्मी प्रतिपालक घरांत दिली आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गटांकडे लक्ष ठेवलं. घरात गेलेली मुलं पुढे निघाली, बुद्धीनेही आणि माणसांशी जोडून घेण्यातही. दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती सगळ्यांत जास्त. आपल्याकडे सहा वर्षांच्या पुढची मुलं प्रतिपालकांकडे जातात, म्हणजे बरंचसं आधीच घडून गेलेलं असतं. सांभाळणाऱ्याने हे धरूनच चालावं.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, आणि खेड्यात बहुतेकांना तीच माहीत आहे : बालसंगोपन योजना. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे एका विधवेचा मुलगा यशवंत स्वतःचा म्हणून वाढवला, तेव्हा हे नाव नुसतं शोभेचं नाही. या योजनेत आजी-आजोबा, चुलता-मामा, अगदी एकटी पडलेली विधवा आईसुद्धा मुलाला सांभाळत असेल तर मुलामागे महिन्याला मदत मिळते. कधीकाळी ती ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, २०२३ पासून २,२५० आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व यांसाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. पैसे थकतात. कधी चार महिने, कधी त्याहून जास्त. आजीबाई बँकेत हेलपाटे घालतात आणि पासबुकावर नवी ओळ उमटत नाही. मी हे लपवून ठेवत नाही, कारण दरमहा येणार म्हणून वाण्याकडे उधारी करून ठेवली तर शेवटी राग पोरावर निघतो. पण पैसे थकले म्हणून पोराची वही थांबवता येत नाही. वही देण्याचा शब्द तुम्ही दिलेला असतो, अनुदानाने नाही.

शिक्षण, आरोग्य, पोषण : कागदावर तीन शब्द. घरात त्यांचे पन्नास प्रकार होतात. घरच्या मुलाला खाजगी शिकवणी आणि या मुलीला ‘तू हुशार आहेस, तुला गरज नाही’. घरच्यांना ताप आला की डॉक्टर, हिला मेडिकलमधून गोळी. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, चिठ्ठी देतं, की हिला चष्मा लागेल. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चार महिने पडून असते, कारण तिला कुणाला सांगायचं हेच पोरीला कळत नाही. मी दप्तर उघडून बघते म्हणून काही घरांत माझा राग येतो. येऊ दे. कायदा भेदभाव नको म्हणतो. तो भेदभाव डोळ्यांना दिसतो तो ताटात आणि दप्तरातच. घरातली कामं पोरांनी करू नयेत असं माझं म्हणणं नाही. पाणी भरणं, अंगण झाडणं, शेळीला पाला टाकणं, खेड्यातली सगळीच पोरं करतात. माझा हिशोब एवढाच : घरची मुलगी तेवढंच करते का? आणि त्यासाठी शाळा बुडते का? हंगामात पोराला कोयत्याबरोबर फडावर नेलं तर मात्र तो हिशोब माझ्या हातात राहत नाही. मूल कामाला जुंपून त्याचं शोषण करणाऱ्याला याच कायद्यात पाच वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आहे.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. माझ्या मते सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा ना जेवणात आहे ना फीमध्ये. मुलाच्या आईने दारात यायचं, हे कसं निभवायचं, इथे ती आहे.

एका नऊ वर्षांच्या मुलाचं सांगते. बाप गेलेला, आई मनाच्या आजाराने बराच काळ उपचारात. समितीने त्याला एका निवृत्त एसटी चालकाच्या घरी दिलं. नवरा-बायको दोघंच, मुलगी सासरी. मुलगा त्यांना काका-काकू म्हणायचा. वर्षभरात पोर बाळसं धरायला लागलं, अंथरूण ओलं करायचं थांबलं, पाढे पाठ झाले. मग आई बरी होऊन परतली आणि तिने भेटायला मागितलं. कलम ४४च्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे तो तिचा आणि मुलाचा, दोघांचाही हक्क. आई-बाप अपात्र किंवा असमर्थ ठरले म्हणून मूल दुसरीकडे असेल तर ते ठरावीक वेळाने भेटू शकतात. भेट मुलाच्या हिताची नाही असं वाटलं तर ती थांबवायची फक्त समितीने, तीही कारणं लिहून. आणि आई-बाप सावरले असं समितीने ठरवलं की मूल शेवटी त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. काकूंनी ही सगळी कलमं हमीपत्रावर सही करताना ऐकली होती. कलम ऐकणं वेगळं आणि दारात उभी असलेली बाई पाहणं वेगळं.

पहिल्या भेटीनंतर काकू मला म्हणाल्या, ‘मॅडम, ती येऊन गेली की चार दिवस हा माझा राहत नाही.’ खरंच होतं. आई गेली की पोराला कणकण यायची, तो जेवायचा नाही, काकांच्या अंगावर धावून जायचा. काकूंचं म्हणणं, बंद करा या भेटी, लेकराला त्रास होतोय. असं म्हणणारी प्रत्येक बाई मतलबी असते असं समजू नये. पोराला त्रास होत होताच. पण तो आई येते म्हणून नव्हता, ती परत जाते म्हणून होता, आणि पुढची भेट कधी हे त्याला कुणी सांगत नव्हतं म्हणून होता. आम्ही पहिल्यांदा कालनिर्णयावर भेटीच्या तारखेला पोराच्या हाताने लाल गोल करून घेतला. भेट आमच्या कार्यालयात नको, घरीच, असं ठरवलं. कार्यालयातल्या टेबलापाशी आई-मुलगा एकमेकांकडे बघत बसायचे आणि आई पिशवीतून कुरकुऱ्यांची पाकिटं काढत राहायची. घरी तिला काम दिलं : नखं काप, डोक्याला तेल लाव, गणिताची वही बघ. काकूंना सांगितलं, तुम्ही त्या वेळी बाहेर जाऊ नका, पण मधेही येऊ नका. हे दोन्ही एकाच वेळी करणं किती कठीण आहे ते मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या काकूंकडे पाहून शिकले. पदर दाताखाली धरलेला, आणि आतून पोळी करपल्याचा वास.

एक प्रश्न हाकेचाही होता. काकूंना वाटायचं त्याने ‘आई’ म्हणावं. एकदा-दोनदा त्यांनी तसं शिकवलंही. मी त्यांना सांगितलं, तो म्हणेल ते म्हणू द्या. आईविषयी त्याच्यासमोर वाकडं बोलायचं नाही, नातेवाइकांनाही बोलू द्यायचं नाही. ‘तुझी आई येडी हाय’ हे वाक्य त्या घरातल्या एका पाहुण्याने उच्चारलं, तेव्हा काकांनी त्या पाहुण्याला चहा अर्धा सोडून उठायला लावलं. प्रतिपालकाची जबाबदारी काय असते, यावर मी प्रशिक्षणात तासभर बोलते. त्याऐवजी काकांचा तो प्रसंग सांगितला तरी चालेल. सध्या मुलगा शनिवार-रविवार आईकडे राहतो. ती शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकावर कामाला लागली आहे. परतीचं समितीने अजून ठरवलेलं नाही. काकू आणि ती आता फोनवर बोलतात. बहुतेक वेळा विषय त्याच्या खोकल्याचा असतो.

भावंडांचंही असंच. शक्यतो त्यांची ताटातूट करायची नाही, असं कायदा सांगतो. तरी ‘मुलगा आम्ही ठेवतो, मुलीला बालगृहात घाला’ असं सुचवणारे चुलते मला भेटतात, आणि ते याला सोय म्हणतात.

नातेवाइकांच्या घरी एक विषय सगळ्यांच्या जिभेवर असतो आणि कुणी काढत नाही : जमीन. बाप गेला की वारस नोंद होते. मूल अज्ञान असेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लिहून सांभाळणाऱ्याचं नाव येतं. अज्ञान पालन कर्ता. आमच्याकडच्या एका मुलीचा चुलता मला मोठ्या प्रामाणिकपणे म्हणाला, ‘दोन एकर आता माझ्या नावावर लागलंय.’ लागलं नव्हतं. जमीन अकरा वर्षांच्या पोरीची होती, तो फक्त राखणदार. अज्ञानाची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं. चुलता काही लबाड नव्हता. विहिरीच्या मोटरीला त्याने पदरचे पैसे घातले होते, आणि ते कुठे मांडायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला शंभर पानी वही दिली : पिकाचं आलेलं एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला, पोरीच्या नावाचं बँक खातं वेगळं. पुढे भांडण झालंच तर ती वही चुलत्यालाच वाचवील.

कागदांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. जन्माचा दाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, आई-बापांचे मृत्यू दाखले, समितीचा आदेश, हे सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर मुलाचा. घर बदललं तर त्याच्याबरोबर जाणार. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. अठराव्या वर्षी ते काढायला निघालेल्या पोराला आपल्या बापाच्या मृत्यूची तारीख सापडत नाही, कारण ती ज्या आत्याला माहीत होती ती वारली. हे सांभाळणाऱ्याच्या कामातलं आहे, आणि ते मूल घरात आलं त्या महिन्यात करायचं असतं.

मुलींच्या बाबतीत सांभाळणाऱ्यांना एक घाई असते. सोळा वर्षांची नात, दहावीला. आजीने स्थळ पाहिलं. मी गेले तेव्हा पत्रिका छापायला टाकलेली. ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला आणि १०९८ला कळवणं माझं कामच होतं, ते मी केलं. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि दंडातून आजीही सुटत नाही. लग्न थांबलं. पण आजीचं म्हणणं मी ऐकून घेतलं. ती म्हणाली, ‘मी उद्या गेले तर हिला कोण हाय? नवरा तरी असू दे.’ या प्रश्नाला कायद्याची भीती हे उत्तर नाही. आम्ही समितीपुढे मुलीच्या मावशीला उभं केलं, आजीला काही झालं तर मूल तिच्याकडे जाईल असं लिहून घेतलं, आणि अकरावीला वसतिगृहाची सोय पाहिली. म्हाताऱ्या माणसाकडे मूल असलं की माझ्यानंतर कोण, हेही सांभाळणाऱ्याने सांगून ठेवायला हवं. आम्ही मंडळी गृहचौकशीत उत्पन्न विचारतो, खोल्या मोजतो, आणि आजीच्या बीपीच्या गोळ्यांविषयी विचारायला लाजतो.

मारण्याबद्दल थोडंसंच. ‘दोन दिल्याशिवाय वळण लागत नाही’ हे मी दर घरात ऐकते. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिलं, जाणूनबुजून हेळसांड केली, तर ७५व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पॉक्सो कायदा प्रतिपालक नात्यातला अत्याचार आणखी गंभीर धरतो. त्यातल्या सगळ्यांत गंभीर प्रकाराला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. आणि कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा, मग ते कळलेली व्यक्ती घरातली सासू का असेना.

हे सगळं कळायचं कसं? मुलाला विचारून. मुलाचं मत ऐकून घ्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्या कायद्यातही हे तत्त्व आहे. अडचण विचारण्याच्या रीतीत आहे. मामा-मामी समोर बसलेत आणि सातवीतल्या पोराला विचारायचं, ‘तुला इथे आवडतं ना रे?’ तो काय सांगणार! मी पोराबरोबर शाळेपर्यंत चालत जाते. पोरं सरळ सांगत नाहीत, आडून सांगतात. एकजण म्हणाला, ‘मामी चांगली हाय. गुरुवारी लई चिडती फक्त.’ गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस, आणि बाजाराहून मामा पिऊन येतो. मामी नवऱ्याचा मार खाते आणि पोरावर काढते. तक्रार पोराने मामीची केली नाही, मामाची तर नाहीच. त्याने फक्त वार सांगितला. अहवालात मी तेवढंच लिहिलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं, म्हणून पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी त्या घरी गेले.

सांभाळणाऱ्यांची बाजूही आहे, आणि ती फार कमी मांडली जाते. मूल घरात देताना त्याच्यावर काय गुदरलंय हे त्यांना सांगितलं जात नाही, आणि मग पोळ्या उशीखाली लपवणारं पोर त्यांना चोर वाटतं. उपाशी राहिलेलं लेकरू पुष्कळ दिवस पोळ्या लपवतं. हे एक वाक्य आधी कळलं असतं तर एका घरातला मार वाचला असता. थकवा आला, जमत नाही असं वाटलं, तर तसं समितीला सांगायला सांभाळणाऱ्यांना भीती वाटते, अपमान वाटतो. मी सांगते, सांगा. रागाच्या भरात एक दिवस बालगृहाच्या फाटकापाशी सोडून येण्यापेक्षा महिनाभर आधी सांगितलेलं मुलाला सोसतं. अठरा पुरी झाली म्हणून पोराच्या हातात पिशवी द्यायची नसते, हेही इथेच सांगून टाकते. संस्थेतून किंवा प्रतिपालकांकडून बाहेर पडणाऱ्याला एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची मदत मिळू शकते. त्यासाठी सतरा सरायच्या आत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जायचं.

२०२४ मध्ये केंद्राने प्रतिपालकत्वाची मार्गदर्शक तत्त्वं बदलली. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना मूल मिळायचं. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, मग ती अविवाहित असो, विधवा असो, घटस्फोटित असो. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं असावं. आणि सांभाळलेलं मूल दत्तकासाठी मोकळं असेल तर पूर्वी पाच वर्षांनी त्याला दत्तक घेता यायचं, ते आता दोन वर्षांनी घेता येतं. या शेवटच्या बदलाचं मी स्वागत करते आणि मला त्याची धास्तीही वाटते. काही लोक हे दत्तकाच्या रांगेतला आडमार्ग समजून येतील. म्हणून घरचौकशीत माझा एक प्रश्न ठरलेला आहे : याची आई न्यायला आली तर?

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक जोडपं आलं होतं. घर मोठं, मूलबाळ नाही, कागद सगळे चोख. हा प्रश्न विचारला तेव्हा सर म्हणाले, ‘त्यावर आम्ही घरी बोललोच नाही.’ बाई काहीच बोलल्या नाहीत. मी अर्ज त्यांच्याच हातात परत दिला आणि घरी बोलून या म्हटलं. गणपती झाले, दसरा झाला, ते काही आले नाहीत, मी मनातून त्यांचं नाव काढून टाकलं. दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. अर्ज करतो म्हणाल्या, आणि दोन भावंडं असली तर दोघं एकदम देतात का, असं विचारलं. त्याच आठवड्यात समितीपुढे एक भाऊ-बहीण होते, सात आणि अकरा वर्षांचे. बाईंना मी तेव्हा त्यांच्याबद्दल काही सांगितलं नाही, तो अधिकार माझा नाही. एवढंच म्हटलं, की अर्जासोबत घराचा नकाशा काढून आणा, आणि त्यात कोण कुठे झोपणार ते लिहा.